बर्फाने फोडलेला काळा

झाकण निघायला आणि वारा घुसायला एकच गाठ पडली. बरणीतली चिमूटभर काळी भुकटी उडाली आणि बाल्कनीच्या कठड्यावर साचलेल्या बर्फावर जाऊन बसली. आमच्या स्लिवेन गावच्या वाऱ्याला चार शिव्या हासडायला मी तोंड उघडलं, पण शिवी दातांतच राहिली. बर्फावर पडलेला एकेक काळा कण माझ्या डोळ्यांदेखत फुटत होता. काळा राहतच नव्हता मेला. एकाच्या कडेने निळं पाणी सुटलं, दुसऱ्याच्या पोटातून नारिंगी ठिपका वर आला, तिसऱ्याभोवती वांग्याच्या सालीसारखं कडं उमटलं आणि बघता बघता बोटभर पसरलं. मी सातव्या मजल्यावर, पायांत लोकरी मोजे, एका हातात बरणी, दुसऱ्या हातात झाकण, डोक्यावरचा रुमाल सुटलेला, अशी खुळ्यासारखी उभी. आणि पोटात काहीतरी हललं. पोटुशी असताना पहिल्यांदा मूल फिरतं ना, तसं. एकाहत्तराव्या वर्षी बाईच्या पोटात फिरतो तो फक्त वात, हे मला कळतं. पण हा वात नव्हता, हेही मला कळतं.

काळा म्हणून कुठला रंग नसतो, हे मला कुणी शिकवायला नको. शाळेत मी चार इयत्ता काढल्या, त्यातली एक दोनदा. पण गिरणीच्या रंगखात्यात एकतीस वर्षं काढली, आणि वरच्या मजल्यावरचे शिकलेले साहेब काचेच्या नळ्या हलवून दुपारी जे सांगायचे, ते मी हौदात बोट बुडवून सकाळीच सांगितलेलं असायचं. गडद निळा घ्यायचा भरपूर. त्याला नारिंगीची वेसण घालायची. वरून जरा लाल. तिघं एकमेकांना असे खातात की शेवटी कुणाचंच तोंड दिसत नाही, आणि त्या न दिसण्याला लोक काळा म्हणतात. तीन भांडखोर जावा एका चुलीपाशी कोंडाव्यात, तसं. असल्या काळ्याचं हजारो वार कापड माझ्या हाताखालून गेलं असेल. सैन्याच्या कोटांचं, शाळेच्या गणवेशांचं, विधवांचं. पण त्या तिघी वेगळ्या होताना मी कधी पाहिल्या नव्हत्या. पाहणार कुठून? आमचे हौद कढत, वाफ छतापर्यंत, काठी सतत फिरती. तिथे कुणाला श्वास टाकायला फुरसत होती? बर्फाने घाई केली नाही. एकेकीला हाताला धरून त्याने बाजूला नेलं आणि वेगळी चूल मांडून दिली. माझ्याच कठड्यावर.

तो गुरुवार होता, आणि येणारा शनिवार पितरांचा. त्या दिवशी अख्खं गाव उकडलेले गोड गहू, दारू आणि मेणबत्त्या घेऊन स्मशानात जातं, आणि मेलेल्यांपेक्षा जिवंतांकडेच जास्त बघतं. माझा नवरा झेल्यास्को जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं मी काळ्यात आहे, आणि दर फेब्रुवारीत, या शनिवारच्या आधी, माझं काळं पुन्हा काळं करते. कारण काळं विटतं. विटून तांबूस होतं, आणि तांबूस झालेल्या बाईकडे बघून लोक म्हणतात, विसरायला लागली वाटतं. दुकानातला काळा मी घरात आणत नाही. तो दोन धुण्यांत शेवाळ्यासारखा होतो. गिरणी बंद पडली त्या आठवड्यात मी ॲप्रनच्या खिशांतून खरा काळा घरी आणला होता, बरणीला मेणाने तोंड बंद करून माळ्यावर ठेवला होता. याला कुणी चोरी म्हणत असेल तर त्याने एकतीस वर्षं वाफ गिळून मग बोलावं. आता त्यातलं एका खेपेपुरतंच उरलं होतं. जुना सदरा कोपरात फाटला म्हणून नवा पांढरा, जाड सुती, बंद गळ्याचा आणला होता. तो सकाळपासून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजत होता. गॅसवर पातेलं चढवलं होतं. माळ्यावरून काढलेल्या बरणीचं मेण घरात खरवडलं तर भुकटी फरशीभर होते, म्हणून बाल्कनीत गेले होते. एवढंच. एवढ्याशा गोष्टीने माणसाचं घर उलटंपालटं होतं.

मी आत आले आणि गॅस बंद केला. आणि लगेच चौथा मजला आठवला. चौथ्या मजल्यावर माझी नणंद राहते, त्रेंदाफिला, झेल्यास्कोची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर, सुंभासारखी वाळलेली. ती आपल्या नवऱ्यासाठी बारा वर्षं काळ्यात आहे, आणि मधे भाऊ गेल्यावर तिने त्या काळ्यावर काळा रुमाल चढवला. आमच्यात कुणी कधी तसं म्हटलं नाही, पण आमची शर्यत आहे. जी आधी काळं सोडेल ती हरली. खाली फाटकापाशी बसणाऱ्या बायकांनाही ठाऊक आहे. मी गच्च काळी दिसले की वन्सं दुसऱ्याच दिवशी नवे काळे मोजे घालतात. त्यांनी मोजे घातले की मी केसांची पिनसुद्धा काळी घेते. असं करता करता नऊ वर्षं गेली, आणि त्यात झेल्यास्को किती होता आणि वन्सं किती होत्या, हे मी कधी मोजून पाहिलं नाही. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं की मोजलं तर आकडा मला आवडणार नाही.

सदऱ्याला हात लावायच्या आधी उशीचा अभ्रा घेतला. एवढी अक्कल मला आहे. अभ्रा सोड्यात बुडवून पिळला, फ्रिजमधली जाळी काढून कोबी खारवायच्या टबावर आडवी ठेवली, तिच्यावर अभ्रा चुरगळून टाकला, वर बाल्कनीतला बर्फ दोन तसराळी भरून ओतला आणि त्यावर भुकटी भुरभुरवली. स्वयंपाकघरातल्या उबेला बर्फ हळूहळू बसू लागला. निळा धावत सुटला. नारिंगी जिथे पडला तिथेच पाय रोवून राहिला. मी स्टूल ओढून समोर बसले आणि तोंडाने ‘हं, हं, ये, ये’ करू लागले, वासराला बोलवावं तसं. आणि मग एका कोपऱ्यात पांढरं राहिलेलं दिसलं. तिथे रंग पोचतच नव्हता. बाजूला निळ्याचा ठपका, मधे कोरं. कोरं! हाताला कळ लागली. मी सांगते, डोकं मधे आलंच नाही. हात आपणहून गेले, बर्फात घुसले, अभ्रा उलटला, दाबला, मळला, चारी कोपऱ्यांना सारखा रंग पोचवला. दोन मिनिटांत सगळं शांत झालं, आणि हातात उरला एक सारखा, सपाट, उंदराच्या पाठीसारखा करडा अभ्रा. डाग नाही, रेघ नाही, काही नाही. रंगखात्यात अशा कापडावर मुकादमाने शाबासकी दिली असती.

त्या मुकादमाचं नाव पानायोत. मी तेवीस वर्षांची असताना माझ्या हौदातून कापडाची एक गाठ डागाळलेली निघाली होती. लेकाला ताप होता, रात्रभर जागी होते, काठी थांबली असेल क्षणभर. चाळीस वार कापडावर ढगासारखे पट्टे. पानायोतने ते कापड गिरणीच्या फाटकावर टांगलं, वर पुठ्ठ्यावर माझं नाव लिहून, आणि पाळी सुटल्यावर आठशे बायका त्याच्या खालून गेल्या. मी पण गेले. मान ताठ ठेवून गेले, कारण वाकवली असती तर पुढे उचलता आली नसती. त्या दिवसापासून माझ्या हातून डाग पडला नाही. कापडावर नाही, पोरांच्या गणवेशावर नाही, माझ्या काळ्यावर तर नाहीच. आणि इतक्या वर्षांनी, करड्या अभ्र्याकडे बघताना, मला एकदम आठवलं की फाटकावरचं ते कापड सुंदर होतं. कलतं ऊन त्यातून येत होतं. मला तेव्हाही ते दिसलं होतं, आणि दिसल्याचीच जास्त लाज वाटली होती.

बरणीत पाहिलं. अर्धी भुकटी गेली होती. उरलेल्या अर्ध्यात सदरा काळा होणं शक्य नव्हतं. झाला असता तर अभ्र्यासारखा करडा, अर्धवट, दुःखाची कंजुषी केल्यासारखा. म्हणजे आता दोनच वाटा. फाटक्या कोपराचा विटका सदरा घालून शनिवारी वन्संच्या शेजारी उभं राहायचं, नाहीतर हे बर्फाचं साधायचं. मला हसू आलं. चांगलं मोठ्याने आलं. रिकाम्या घरात आपलंच हसू ऐकून मी दचकलेसुद्धा.

दुसऱ्या खेपेला सदरा पंख्यासारखा घड्या घालून जाळीवर ठेवला. बर्फ कठड्याच्या आतल्या बाजूचा, स्वच्छ, हलका घेतला, ढिगारा चांगला वीतभर उंच केला. भुकटी चहाच्या गाळणीतून चाळली, खांद्यांवर जास्त, पाठीवर डोंगराच्या रेघेसारखी. आणि मग हात काय करायचे? हातांना काम दिल्याशिवाय ते ऐकणार नव्हते. म्हणून मी पीठ काढलं आणि बानित्सासाठी, म्हणजे चीज भरून भाजायच्या पापुद्र्यांसाठी, मळायला घेतलं, टबाकडे पाठ करून. दर दोन मिनिटांनी वळून बघायची, आणि दर खेपेला बर्फात नवीन काहीतरी झालेलं असायचं. एखादी निळी बोळ पडलेली, तिच्या तोंडाशी जांभळं तळं. पिठाचे हात झटकत मी ‘अगं बाई, अगं बाई’ म्हणत राहिले. तेवढ्यात वार्नाहून लेकीचा, रुस्काचा, फोन आला.

“आई, धापा का टाकतेयस? बरी आहेस ना?”

“बर्फ वितळायला ठेवलाय.”

“कशाला?”

“सदरा रंगवायला. बर्फाखाली.”

“अगं, असं करतात खरंच! मी व्हिडिओत पाहिलंय. त्याला नाव पण आहे काहीतरी.”

“असेल. तुमच्या पिढीने नावं ठेवावीत, मी वितळवते.”

“पण रंग कोणता?”

“काळा.”

“मग त्यात नवीन काय?”

“काळ्याच्या पोटातले सगळे निघालेत बाहेर. निळा, नारिंगी, जांभळा. शनिवारी घालणार आहे.”

नऊ वर्षं हीच पोरगी कानाशी भुणभुणत होती, आई, सोड आता ते काळं, बघवत नाही. आता म्हणते, “शनिवारी? तिथे? आत्या असेल, पाद्री असेल, सगळे असतील.”

“सोड सोड कोण म्हणत होतं?”

“मी म्हणत होते. पण घरात सोड म्हणत होते.”

“घरात मला बघायला कोण येतं? मांजरसुद्धा नाही,” म्हटलं आणि फोन ठेवला.

पीठ झाकून ठेवते तोच दार वाजलं. वन्सं. हातात वाडगा, त्यात उकडलेले गहू. दर वर्षी त्या चाखायला आणतात. साखर कमी आहे म्हटलं की त्यांना राग येतो, आणि बरोबर आहे म्हटलं की विश्वास बसत नाही.

“वेलिके, चाख गं हे. आणि काय मांडलंयस? फेब्रुवारीत कोबी घालतेस?”

“कोबी नाही वन्सं. सदरा आहे.”

“कुणाचा?”

“माझा. दुसरं कोण राहतं इथे?”

त्या वाकल्या. बर्फ तोवर निम्म्यावर आला होता, मधे घुमटासारखा, आणि त्याच्या अंगावरून ओघळ निघाले होते. “देवा! अगं, हा निळा आहे!”

“निळा आहे, नारिंगी आहे. तिकडे जांभळा येतोय, पण तुम्हाला बघून लाजतोय.”

“परवा शनिवार आहे.”

“कॅलेंडर मलाही वाचता येतं.”

“म्हणजे माझ्या भावाला नऊ वर्षं पुष्कळ झाली.” आवाज असा, जसा सुरी दगडावर फिरवावी.

“तुमची बारा आहेत, वन्सं. जिंकलात तुम्ही. पेढे वाटा.”

“कसली जीत? कसलं काय बोलतेस?” म्हणाल्या, पण कान लाल झाले. तेव्हा मला कळलं की त्याही मोजत होत्या.

भांडण आणखी रंगलं असतं. पण वन्संनी आयुष्य गिरणीच्या साचेखात्यात, मागावर काढलंय, कापडात दोष दिसला की त्यांचंही बोट थांबत नाही. “खालची घडी कोरी राहतेय बघ,” म्हणत त्यांनी हात घातला, आणि मी पिठाच्या लाटण्याने त्यांच्या मनगटावर फटका दिला. जोरात नाही, पण दिला.

“मारलंस? मला मारलंस?”

“मारलं. सकाळी माझ्याच हातांना मारायला हवं होतं. बसा गप्प, हात मांडीवर ठेवा.”

आणि काय सांगू, बसल्या! आम्ही दोघी काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या स्टुलावर शेजारी शेजारी बसून कोबीच्या टबाकडे बघत राहिलो. बर्फाचा एक कडा ढासळला आणि नारिंगीच्या पोटात निळा घुसला, तशी वन्संनी माझा दंड धरला. “थांब, थांब, तिथे बघ. हिरवा! वेलिके, हिरवा झाला गं!” तेवढं बोलल्या आणि आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं. दंड सोडला. उठल्या, रुमालाची गाठ घट्ट केली. “शनिवारी माझ्याबरोबर चालू नकोस,” म्हणाल्या आणि वाडगा तिथेच विसरून गेल्या.

त्या गेल्यावर उकाडा वाटायला लागला, खिडकी उघडावीशी वाटली. माझ्या भावाला नऊ वर्षं पुष्कळ झाली. वाक्य असं असतं, कुसळासारखं. काढायला जावं तितकं आत. झेल्यास्को गिरणीच्या मालधक्क्यावर गाठी उचलायचा. पाळी सुटली की फाटकावर उभा असायचा, आणि घरापर्यंतच्या वाटेत माझा हात आपल्या कोटाच्या खिशात घालून घ्यायचा. पण त्याआधी नखं बघायचा. “आज हिरवा,” म्हणायचा. “आज दोन रंग, आज साहेब तुझ्यावर चिडलेला.” धुऊन धुऊन रंग नखांच्या मुळाशी राहायचाच. कधी मानेवर, कधी कानामागे शिंतोडा. तो त्याला घरी गेल्यावर सापडायचा, आणि कसा सापडायचा ते मी सांगणार नाही. त्याने माझ्यावर पाहिला नाही असा रंग नसेल. एक सोडून. काळ्याच्या दिवशीसुद्धा मी त्याला नखांतून निळी दिसायची. आणि मी मात्र नऊ वर्षं त्याच्या दगडापाशी जाऊन उभी राहते ती अशी, की तो उठून आला तर पुढच्या बाईला विचारील, इथे रंगखात्यातली वेलिका कोण? हा विचार आला आणि मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला घाई झाली. सदरा कधी निघतोय असं झालं.

घाई करायची नाही, एवढं मात्र त्या दिवशी शिकले. टबावर प्लास्टिक टाकलं, शेगडीजवळ सरकवलं, रात्रभर ऊब दिली. शुक्रवारी उजाडताच प्लास्टिक काढलं. बर्फ कधीच गेला होता; जाळीवर नुसता एक ओला, काळपट गोळा. त्याच्याकडे बघून काही कळत नव्हतं. आधी गार पाणी, मग कोमट, मग कढत. पाणी काळं जात होतं, मग निळं, मग गुलाबी, मग नितळ. तोवर मी घडी उलगडली नव्हती. मग खांदे धरून झटकला.

पाठीवर डोंगर होते. आमच्या गावामागचे नाहीत, कुठलेच नाहीत. निळ्यावर निळे चढत गेलेले, आणि त्यांच्या मधून पांढऱ्या वाटा, जिथे बर्फाने काही सांडूच दिलं नव्हतं. उजव्या खांद्यावर नारिंगी पेटलेला. बाह्यांवर जांभळ्याच्या शिरा, पानाच्या असतात तशा बारीक, मी हातात ब्रश धरून शंभर वर्षं बसले असते तरी काढता आल्या नसत्या. एक जागा दुसरीसारखी नाही. चाळीस वार कापड फाटकावर टांगायला पुरतील इतके डाग, सगळे एका सदऱ्यावर! मी मोरीत उभी राहून ओल्या सदऱ्यात तोंड खुपसलं आणि ओरडले. शेजारच्या भिंतीवर कुणीतरी टकटक केलं. मी उलटी टकटक केली.

आणि शनिवारी तोच सदरा इस्त्री करून अंगात घातला, आरशात तीनदा पुढून, तीनदा मागून बघितला, आणि त्यावर काळा कोट चढवून हनुवटीपर्यंत बटणं लावली. खरं ते सांगते. हात आपणहून गेले. बाहेर उणे सहा आहे, असं स्वतःला समजावलं. लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट चौथ्यावर थांबली. वन्सं होत्या, पायापासून डोक्यापर्यंत नव्या काळ्यात. आपणच म्हणाल्या होत्या बरोबर चालू नकोस, म्हणून क्षणभर अडल्या. मग आत आल्या. आमची लिफ्ट हळू चालते. तिसरा मजला गेला.

“रंग धुऊन गेला वाटतं,” त्या दाराकडे बघत म्हणाल्या.

“पक्का आहे.”

“मग झाकलायस कशाला?”

“थंडी आहे.”

दुसरा मजला गेला.

“घाबरलीस, वेलिके.”

माझी कानशिलं तापली. आठशे बायकांदेखत त्या कापडाखालून मान ताठ ठेवून गेलेली मी, आणि मला ही सुंभाची दोरी घाबरलीस म्हणते! पहिलं बटण काढलं. दुसरं काढताना नख दुखलं. सहाच्या सहा काढली आणि कोट दोन्ही हातांनी उघडून धरला. वन्सं बघत राहिल्या. तोंड नाही वाकडं केलं, छातीवर क्रूसाची खूणही केली नाही. विणकरीण बघते तसं बघितलं. मग बोट आणि अंगठा पुढे करून सदऱ्याची कड चिमटीत धरली, ताणली, सोडली.

“गळ्याची शिवण वाकडी आहे.”

“तुमची नजर वाकडी आहे.”

लिफ्ट खाली टेकली. दार उघडलं. समोर फाटकापाशी स्मशानाच्या बसची वाट बघत सगळ्या जणी उभ्या, हातात गाठोडी, नाकं लाल. त्यांनी बघितलं. मी कोट पुन्हा ओढून घेणार, तोच वन्संनी कॉलर मागून धरली.

“काढ तो,” त्या दातांत पुटपुटल्या. “सदऱ्याची पाठ बघायची राहिलीय माझी.”

मी कोट त्यांच्या हातात दिला आणि पुढे झाले. मागून त्यांची पावलं येत होती, नेहमीपेक्षा हळू.